टिपून खाणारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी रोज रात्री एक प्रश्न ठरलेला असतो. मुलगा दोह्याला नोकरीला आहे. रात्री त्याचा फोन येतो. आजीची तब्येत विचारतो, आईशी बोलतो आणि शेवटी मला म्हणतो, "अब्बा, तो जेवला का?"

तो म्हणजे एक मासा. माझ्या करंगळीएवढा. त्याच्या जेवणाची काळजी एका माणसाने परदेशातून करावी आणि दुसऱ्याने पहाटे उठून करावी, हे ऐकायला गमतीचं वाटेल. मलाही आधी गंमतच वाटायची. पण एखादा जीव आपल्या डोळ्यांसमोर, भरल्या घरात, उपाशी राहून झिजायला लागला की गंमत उरत नाही. त्या काही महिन्यांत मी जे शिकलो ते आज सांगणार आहे. ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे त्यांना ते उपयोगी पडेल. ज्यांच्या घरी नाही, पण घेण्याचा विचार आहे, त्यांना कदाचित अधिक उपयोगी पडेल.

मी मत्स्यशास्त्रातला नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, पोटासाठी कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. रत्नागिरीत जन्म गेला, त्यामुळे मासा ओळखीचा. पण ती ओळख बाजारातली आणि ताटातली. मासे खायचे असतात हे लहानपणापासून माहीत होतं. माशाला खाऊ घालायचं असतं आणि ते अवघड असू शकतं, हे मात्र पन्नाशी उलटल्यावर कळलं.

छंद मुलाचा. लहान असताना त्याला इथल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय दाखवायला नेलं होतं. काचेला नाक लावून उभा राहिला तो हलेचना. पुढे मुंबईत नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून त्याने खाऱ्या पाण्याची छोटी टाकी घेतली. २०२० च्या टाळेबंदीत नोकरी घरून सुरू झाली, तेव्हा टाकीसकट रत्नागिरीला आला. पंचाहत्तर लिटरची टाकी, तळाला पांढरी वाळू, मध्ये सच्छिद्र दगडांचा ढीग आणि त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश. सोबत सहा पट्ट्यांचा एक चपळ रॅस. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या एका दुकानातून त्याने हा चौथा मासा आणला आणि जानेवारी २०२३ मध्ये स्वतः दोह्याला निघून गेला. जाताना मला एक वही देऊन गेला. तिच्यात पाण्याचं, मिठाचं, दिव्याचं सगळं लिहिलेलं होतं. चौथ्या माशापुढे दुकानदाराचे दोनच शब्द होते : 'सगळं खातो.'

समुद्र दहा मिनिटांवर असताना घरात पिशवीतलं मीठ कालवून समुद्राचं पाणी करायचं, याचं आमच्या शेजाऱ्यांना फार हसू येई. पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात मचव्यांचं डिझेल असतं, पावसाळ्यात ते गढूळ आणि जवळजवळ गोडं होतं. टाकीतल्या जिवाला रोज सारखंच पाणी लागतं. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम या हिशेबाने खास तयार केलेलं सागरी मीठ घालतात. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं, तेव्हा वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं. हे मला वहीतून कळलं. पाणी सांभाळणं महिनाभरात जमलं. मासा सांभाळणं जमेना.

या माशाचं नाव मँडरिन. जुन्या चिनी दरबारातले अधिकारी जे भरजरी रंगीत झगे घालत, त्यावरून इंग्रजांच्या भाषेत हे नाव पडलं. मासा राहतो जपानच्या दक्षिणेकडल्या र्‍यूक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ प्रवाळी समुद्रात. शास्त्रात त्याची नोंद १९२७ साली हेरे यांनी केली. अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी जाड, कडवट, वासाचा चिकट थर. रंग गडद निळा, त्यावर नारिंगी वळणावळणाच्या रेघा, मधूनच हिरवी झाक. रांगोळी घालता घालता कुणाचा तरी हात सुटावा तशा.

या निळ्याबद्दल एक गोष्ट मला वाचायला मिळाली ती सांगतो. मोराच्या पिसातला निळा किंवा फुलपाखराच्या पंखातला निळा हा खरं तर रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या, पंखाच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो तसा दिसतो. मोरपीस कुटून पूड केली तर निळी पूड मिळत नाही. मँडरिनचा निळा मात्र खरोखर त्याच्या कातडीतल्या पेशींमध्ये भरलेल्या निळ्या द्रव्याचा आहे. १९९५ साली गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी हे दाखवून दिलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असा अस्सल निळा फारच दुर्मीळ. आयुष्यभर आकाशाला आणि समुद्राला निळं म्हणत आलो, आणि अस्सल निळा दिवाणखान्यात करंगळीएवढ्या अंगावर पोहत होता.

पोहत होता म्हणणंही बरोबर नाही. तो तळाशी, दगडाला धरून, पंख्यासारखे पर हलवत तरंगत तरंगत चालतो. थांबतो, मान तिरकी करतो, एका जागी टक लावतो आणि टचकन टिपतो. पुन्हा पुढे. कोंबडी अंगणात दाणे टिपते तसं. दिवसभर त्याचं हेच. मी पाहायचो आणि समाधानाने फोनवर सांगायचो, "हो, सारखा खातोय."

चूक इथेच झाली. तो सारखा शोधत होता. मी त्याला सारखा खातोय म्हणत होतो.

वहीत लिहिल्याप्रमाणे मी सकाळ-संध्याकाळ चिमूटभर कोरडे दाणे टाकायचो. क्लाउनफिश वरच्या वर झेलत. रॅस खाली येईपर्यंत उरलेलं संपवी. एखादा दाणा मँडरिनच्या पुढ्यात पडलाच, तर तो त्याच्याकडे बघे आणि निघून जाई. आपण ताटात पडलेल्या गोटीकडे बघावं तसा. मार्चअखेरीस रमजान सुरू झाला. सेहरीसाठी उठल्यावर एका पहाटे सहज टाकीवर विजेरीचा झोत टाकला. रात्री हा मासा फिका पडून वाळूवर स्वस्थ बसलेला असतो. वरून पाहिलं आणि चमकलो. डोकं मोठं आणि मागचं अंग सुरीच्या पात्यासारखं. कडेने बघितल्यावर रंगांच्या गर्दीत जे दिसत नव्हतं ते वरून दिसलं.

मासा रोडावला की नाही हे कडेने बघून कळत नाही. समोरून किंवा वरून बघावं. पोटाखाली खड्डा आहे का, डोक्यामागे पाठीचं मांस आत बसलंय का, अंगाच्या मधोमध शीर वर आल्यासारखी दिसते का, हे पाहावं. पोट आत गेलेला मासा थोडक्यात सावरतो. पाठ बसलेला मासा म्हणजे त्याचं शरीर आता स्वतःचंच मांस खायला लागलेलं असतं. आमच्याकडची वेळ दुसरी होती.

घाबरून मी तेच केलं जे कुठलंही घर करतं. वाढप वाढवलं. दोनदाचं चारदा केलं, दाण्यांसोबत गोठवलेल्या कोळंबीचा चुरा टाकला. तिसऱ्या दिवशी पाण्याला धुरकट झाक आली, एक शंख उलटा पडून मेला, क्लाउनफिश वर येऊन भराभर कल्ले हलवायला लागले. मुलाला विचारून पाणी तपासलं तर अमोनिया वाढलेला.

छोट्या टाकीचं हे गणित समजून घेण्यासारखं आहे. न खाल्लेलं अन्न कुजतं, त्याचा अमोनिया होतो. दगडांच्या आणि वाळूच्या भोकाभोकांत राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंचसं सोसवतं, अमोनिया सोसवत नाही. जिवाणूंची संख्या मात्र रोजच्या अन्नाच्या मानाने ठरलेली असते. एकदम चौपट अन्न पडलं तर ते पुरे पडत नाहीत. त्यातून समुद्राचं पाणी क्षारधर्मी, आणि अशा पाण्यात अमोनियाचा अधिक वाटा विषारी रूपात राहतो. मोठ्या टाकीत चूक पातळ होते. पंचाहत्तर लिटरमध्ये ती सगळ्यांच्या अंगावर येते. म्हणजे एका उपाशी जिवासाठी टाकलेलं अन्न त्याला मिळत नव्हतंच, वर इतर तिघांच्या जिवावर उठलं होतं. त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस मी रोज आठ-आठ लिटर पाणी बदललं. अन्न बंद. पाणी निवळलं. मँडरिनची पाठ होती तशीच.

आईला पडल्यापासून चालवत नाही. ती टाकीसमोरच्या खाटेवर असते आणि दिवसभर टाकी बघते. आमच्यापेक्षा तिने ती जास्त बघितली आहे. संध्याकाळी इफ्तारच्या तयारीत मी वैतागून म्हणालो, "एवढं देऊन खात नाही, हट्टी आहे." आई म्हणाली, "हट्टी कसला? त्याचं तोंड बघ केवढं आहे. तू त्याला पोळीचा तुकडा घालतोस. त्याला कणी हवी."

मी पहिल्यांदाच त्याचं तोंड नीट पाहिलं. पुढे काढून टिपणारं, मोहरी जाईल न जाईल एवढं.

मग वाचायला बसलो. मँडरिन समुद्रात काय खातो याचा अभ्यास झालेला आहे. दगडावर, प्रवाळावर राहणारे कोपेपॉड, बारीक किडे, चिमुकल्या गोगलगायी, माशांची अंडी, असा त्याचा आहार. त्यातले कोपेपॉड मुख्य. कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले हे जीव, बहुतेक एक-दोन मिलिमीटरचे किंवा त्याहून लहान. समुद्रात यांची संख्या अफाट आहे. अंड्यातून निघाल्यावर सहा बालअवस्था, मग पाच किशोरावस्था, मग प्रौढ. दर वेळी कात टाकून पुढे. ऊब आणि खायला शेवाळ मिळालं तर काही आठवड्यांत पिढी तयार. काचेवर पांढरे ठिपके सरकताना दिसतात ते बहुधा हेच.

मी घड्याळ घेऊन मोजलं. आमचा मासा मिनिटाला चार-पाच वेळा टिपायचा. पाच धरले तर तासाला तीनशे, दिवसाच्या दहा तासांत तीन हजार. निम्मे नेम चुकले असं धरलं तरी दीड हजार घास. समुद्रात हा मासा बऱ्याच मोठ्या परिसरात फिरून चरतो, त्यामुळे एका दगडावरचं संपेपर्यंत दुसऱ्यावर पुन्हा वाढलेलं असतं. आमच्या टाकीत दगडांचा ढीग शिदोरीच्या डब्याएवढा, आणि रॅसही तेच कोपेपॉड खाणारा. पहिल्या महिन्यात दोघांनी शेत साफ केलं होतं. सेहरीला विजेरी लावून काच न्याहाळली तर एक ठिपका दिसेना. कोपेपॉड रात्री बाहेर पडतात, त्यामुळे पहाटेची काच हे या टाकीतलं धान्याचं कोठार. ते रिकामं होतं. म्हणूनच अनुभवी हौशी मंडळी सांगतात की या माशासाठी पावणेतीनशे लिटरच्या आसपासची, वर्षभर मुरलेली, दगडांनी भरलेली टाकी हवी. हे दुकानात कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

रोजा धरणाऱ्याला भूक माहीत असते, पण त्याला तिची वेळही माहीत असते. मगरिब झाली की खजूर हातात. समोरच्या काचेत जी भूक होती तिला अशी वेळ नव्हती. ती वेळ मलाच ठरवायची होती.

सगळ्यात आधी रॅस एका परिचितांच्या मोठ्या टाकीत दिला. मग मँडरिनला टाकीच्या आतच टांगायच्या जाळीच्या पेटीत ठेवलं. पाणी तेच, पण वाटेकरी नाहीत. अन्न म्हणून आर्टेमियाची पिल्लं उबवायला घेतली. आर्टेमिया म्हणजे खारट सरोवरांत होणारा कोळंबीवर्गीय जीव. त्याची सुकी अंडी डबीत विकत मिळतात, दिसायला तपकिरी धुळीसारखी. प्लास्टिकची बाटली उलटी करायची, तिच्यात मिठाचं पाणी, हवेची नळी, वर दिवा. आपल्या उन्हाळ्यात चोवीस तासांत पिल्लं बाहेर येतात. हवा बंद केली की रिकामी टरफलं वर तरंगतात आणि पिल्लं नारिंगी ढगासारखी उजेडाकडे गोळा होतात. ती नळीने काढून मलमलच्या फडक्यात गाळायची, गोड्या पाण्याने झटकन धुवायची आणि लगेच घालायची. टरफलं जाऊ द्यायची नाहीत, ती पचत नाहीत. उशीर करायचा नाही, कारण पिल्लाच्या अंगात जो बलक असतो तेच त्याचं सत्त्व, आणि तासागणिक ते स्वतःच वापरून टाकतं.

पहिल्या दिवशी ड्रॉपरने ढग सोडला. मँडरिन थांबला. मान तिरकी केली. टचकन. पुन्हा टचकन. आई खाटेवरून म्हणाली, "बघ." मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

मासा खायला लागला, म्हणजे प्रश्न सुटला असं नव्हे. नुसत्या आर्टेमियावर समुद्रातला मासा धरत नाही. समुद्री माशांना काही विशिष्ट स्निग्धाम्लं अन्नातूनच मिळावी लागतात, आणि आर्टेमियात ती कमी असतात. नुसत्या पेजेवर माणूस जगतो, अंगाला लागत नाही, तसं. अर्ध्या दिवसाची पिल्लं स्वतः खायला लागतात, तेव्हा त्यांना सूक्ष्म शेवाळ खायला घालून मग ती माशाला देता येतात. तेही सुरू केलं. पण दिवसातून पाच-सहा वेळा हे करत राहणं म्हणजे घरात तान्हं मूल असण्यासारखं.

दुसरा आधार स्वयंपाकघरातून आला. एप्रिलअखेरीस बायको बांगडे साफ करत होती, त्यातल्या दोनांत पिकलेली, दाणेदार गाबोळी निघाली. आई म्हणाली, "समुद्रात दुसऱ्याची अंडी कोण सोडतो? घाल त्याला." मी तर वाचलंच होतं की त्याच्या आहारात माशांची अंडी आहेत, ती रोज आपल्या तव्यावर असतात हे सुचलं नव्हतं. गाबोळी वरची पातळ कातडी काढून मिठाच्या पाण्यात बोटाने सुटी केली. गाळणीत तीन-चार पाण्यांनी धुतली, तेलकट पांढरेपणा जाईपर्यंत. नाहीतर तोच टाकीत जाऊन पाणी बिघडवतो. पंप बंद करून ड्रॉपरने दहा-बारा अंडी पुढ्यात सोडली. त्याने एक टिपलं, थुंकलं. पुन्हा टिपलं. त्या दिवशी दोन गेली. आठवड्याने पंधरा-वीस. उरलेली गाबोळी बर्फाच्या साच्यात थोडी थोडी गोठवून ठेवली.

नऊ दिवसांनी त्याला पेटीतून टाकीत सोडला, तेव्हा क्लाउनफिश पुन्हा आडवे आले. त्यावर एक साधी युक्ती आहे. लोणच्याची छोटी, अरुंद तोंडाची काचेची बरणी उकळून, वास जाईपर्यंत धुऊन वाळूवर आडवी ठेवायची आणि अन्न नळीने तिच्या आत सोडायचं. तरंगत चालणारा मँडरिन सावकाश आत शिरतो. क्लाउनफिश बाहेरून काचेवर आपटत राहतात. चार दिवसांत त्याला जागा कळली. पंप बंद झाल्याचा आवाज आला की तो स्वतःहून बरणीकडे यायला लागला.

तिसरी आणि खरी सोय कोपेपॉडांची. मुंबईच्या एका हौशी गृहस्थांनी एसटीच्या पार्सलने जिवंत कोपेपॉडांची बाटली पाठवली. खिडकीत पाच-पाच लिटरच्या दोन बरण्यांत ते वाढवले, अन्न म्हणून हिरवं पाणी, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. एक बरणी बिघडली तर दुसरी असावी म्हणून दोन. दर आठवड्याला थोडे टाकीत, तेही रात्री दिवा मालवल्यावर, म्हणजे सकाळपर्यंत दगडांत लपायला वेळ मिळतो. टाकीला बाहेरून एक छोटा डबा जोडला, त्यात समुद्री शेवाळाचा गुंता. तिथे मासा जाऊ शकत नाही, म्हणून कोपेपॉड निर्धास्त वाढतात आणि पाण्याबरोबर थोडे थोडे टाकीत येत राहतात. बियाणं राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि रात्री वीज गेली. पंप बंद म्हणजे पाण्यात प्राणवायू मिसळणं बंद. पाच तास मी आणि बायको आळीपाळीने पेल्याने पाणी काढून उंचावरून पुन्हा सोडत बसलो. खाटेवरून आईची देखरेख होतीच. वीज आल्यावर विजेरी काचेवर टाकली. वाळूवर फिका पडलेला मँडरिन श्वास घेत होता, आणि काचेवर दोन-तीन पांढरे ठिपके सरकत होते. कोठारात दाणा आला होता.

जुलैपर्यंत त्याची पाठ भरली. वरून पाहिलं की पातं दिसेना, अंग दिसायला लागलं. मी तोंडावर बोट ठेवून हे कुणाला सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून. बी.ए. झालो म्हणून काय झालं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. आमचा मासा वाचला, याचा अर्थ छोट्या टाकीत मँडरिन ठेवता येतो असा कुणी काढू नये. त्याच्यामागे घरातली तीन माणसं, एक फोनवरचा मुलगा आणि दोन बरण्या राबत होत्या, आजही राबतात. एवढं ज्याला शक्य नाही, त्याच्या घरी हा मासा महिन्या-दोन महिन्यांत झिजून मरतो, आणि मालक म्हणतो, 'हट्टी होता, खातच नव्हता.' समुद्री घोडाही असाच, खाण्याच्या बाबतीत अवघड आणि सावकाश खाणारा. आपल्याकडे २००१ पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्यामुळे तो घरी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. मँडरिनला तसं कवच नाही. त्याचं कवच म्हणजे विकत घेणाऱ्याची चौकशी.

ती चौकशी सोपी आहे. दुकानदाराला 'काय खातो?' असं विचारू नये, 'माझ्यासमोर खाऊ घालून दाखवा' असं म्हणावं. मासा वरून पाहावा. टाकी किती मोठी आणि किती जुनी हवी ते आधी वाचावं. समुद्रातून पकडलेला मासा की पैदाशीचा, हे विचारावं. २०१० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या एका पैदास केंद्राने टाकीत जन्मलेले, तयार अन्नाची लहानपणापासून सवय असलेले मँडरिन बाजारात आणले होते. म्हणजे 'हट्टी' जातसुद्धा, लहानपणी पुढ्यात काय आलं त्यावर बरीच अवलंबून असते. नवख्याने तर क्लाउनफिशनेच सुरुवात करावी. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्या देशात बसवलेलं आहे, आणि तो मासा खरोखर सगळं खातो.

मुलगा पुढच्या वर्षी रजेवर आला. टाकीसमोर लहानपणीसारखाच नाक लावून बसला. म्हणाला, "अब्बा, याला जोडीदार आणू या?" मी नाही म्हटलं. एकाचं पोट कसं भरतं ते मला माहीत होतं.

तो परत गेला. फोन पुन्हा रात्रीचे. "तो जेवला का?" असं विचारतो, मी सांगतो. मग मी विचारतो, "आणि तू?" "जेवलो," तो म्हणतो, जरा घाईनेच. पूर्वी मी एवढ्यावर फोन ठेवायचो. आता ठेवत नाही.

"काय जेवलास?" असं विचारतो.